शिट्टी वाजेपर्यंत

दोन हजार चोवीस सालचा मार्गशीर्ष, ऐन थंडी. त्या थंडीत माझ्या हातून जे झालं ते आमच्या कोपर गावात अजून चवीनं सांगतात. सांगणारे वाढवून सांगतात, म्हणून मीच सांगतो.

माझं शिक्षण चौथी. पण कबड्डीत मी धरलेला घोटा कधी सुटला नाही. नात श्रुती डोंबिवलीच्या कॉलेजात मुलींच्या संघात आहे. या मुली घोटा धरत आणि लगेच सोडत. ठाण्याचा सामना हरलात तर संघ बंद, असं प्राचार्यांनी बजावलेलं. आणि त्यांचे खेळाचे सर काय करत होते? मुलींच्या डोळ्यांवर व्हीआरचा डबा बांधून वर्गात कबड्डी शिकवत होते!

मी जाऊन सुनावलं, मातीत पडल्याशिवाय पकड येत नाही. सर वयानं लहान, पण नम्र. म्हणाले, "काका, एकदा घालून तर बघा."

घातला. वर्ग गेला, मैदान आलं. समोर सहा फुटी गडी चढाईला आलेला. माझ्या हातांत दोन यंत्रं दिली होती, ती फेकली. भरल्या हातांनी कोणी पकड करतं का? गड्यानं पाय टाकला, मी खाली झेपावलो आणि घोटा धरला. हाताला केससुद्धा लागले. म्हटलं, यंत्र चांगलं बनवलंय.

गडी म्हणाला, "काका, सोडा, मी आहे."

चढाईत गडी बोलायला लागला म्हणजे त्याचा दम गेला. मी आणखी आवळलं.

"आबा, ते सर आहेत," श्रुतीचा आवाज.

"शिट्टी कुठं वाजलीय?"

शिट्टी सरांच्या गळ्यात आणि सर पालथे. शेवटी श्रुतीनं ती ओढून काढली आणि वाजवली. तेव्हा मी सोडलं. डबा काढून बघतो तर समोर भिंत. मी तिच्यावर आपटू नये म्हणून सर मध्ये आले होते.

सरांच्या पायाला प्लास्टर, तीन आठवडे. पण मुलींनी सगळं मोबाइलवर घेतलेलं. सरांनी रागवायचं सोडून तेच पडद्यावर लावलं आणि थांबवून थांबवून शिकवलं, काकांचा खांदा बघा, बोटं कशी अडकवलीत बघा.

ठाण्यात शेवटच्या चढाईला श्रुतीनं घोटा धरला. सोडला नाही. जिंकलो. या वयात मी खुर्चीवर उभा राहिलो.

त्या पकडीला संघानं नाव दिलंय. मला वाटलं, माझं असेल. मुली तिला 'सर-पकड' म्हणतात.

सरांना मी रोज ठाकुर्लीच्या त्यांच्या घरून स्कूटरवर कॉलेजात नेत होतो. बाविसाव्या दिवशी प्लास्टर निघालं आणि ते स्वतःच्या पायांनी कॉलेजात आले.