'झालं' म्हणायचं नाही

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या मदतकेंद्रात सगळे त्याला धाकटा म्हणत, कारण त्याची ताई तिथे आधीपासून फोन घेत होती आणि हा मागाहून चिकटला. सगळे फोन ज्या मशीनमधून जात, ते सांभाळणं त्याचं काम. मशीनच्या खोलीत एक नियम होता: दुरुस्ती केली की 'झालं' म्हणायचं नाही. म्हटलं की नजर लागते. मशीन लिनक्सवर चालणारं, माणसं चांगली शिकलेली, पण नियम म्हणजे नियम.

त्या सकाळी ताई हेडफोन गळ्यात तसाच ठेवून दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आवाज तुटतोय रे. एक बाई सांगत होती, नवऱ्याला श्वास घेता येत नाहीये. पत्ता सांगायला लागली आणि नुसती खरखर. परत लावला तर कुणी उचलत नाही. पुन्हा असं झालं ना, तर मी त्या खुर्चीवर बसणार नाही. सांगून ठेवते."

ताई उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. धाकटा लगेच मशीनकडे वळला.

त्याने स्क्रीनवर मशीनच्या कामाचे आकडे उघडले. मशीनला आठ प्रोसेसर. फोनवरचा आवाज आत आला की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, हातातलं सोड आणि हे घे, तो इंटरप्ट. आणि इथे सगळ्या हाका पहिल्यालाच! तो बिचारा मरमर मरतोय आणि बाकीचे सात हातावर हात ठेवून बसलेत. हाका वाटायला एक सेवा, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, चालू होती, पण तीच सगळं पहिल्याच्या गळ्यात मारत होती. का, ते नंतर बघू, आधी आवाज. त्याने सेवा बंद केली आणि हाका स्वतः आठ जणांत वाटल्या. आकडे सगळीकडे हलायला लागले. ओठ घट्ट मिटून तो चहाला गेला.

परत येऊन बघतो तर पुन्हा सगळं पहिल्याच्या डोक्यावर, आणि सेवा चालू.

आपण बंद केली होती ना? केली होती. की नुसतं करायचं मनात होतं? त्याने पुन्हा बंद केली, पुन्हा वाटलं, जेवून आला. पुन्हा तेच. आता मात्र त्याची मती गुंग झाली. मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत नव्हतं, कुणी बाहेरून शिरलं नव्हतं. डोकं खाजवून खाजवून केस जायची वेळ आली. पलीकडे ताई ओरडत होती, "हॅलो, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा!" ते ऐकून त्याला रडू यायचंच बाकी होतं.

तिसऱ्यांदा सेवा बंद करून तो उठलाच नाही. मशीनच्या मागे वायर तपासत बसून राहिला. तेवढ्यात मिस्त्री आले. केंद्रातलं पंख्यापासून मशीनपर्यंत सगळं जुळवणारा हा माणूस दिवसभर फेऱ्या मारी. त्यांनी स्क्रीन पाहिला, 'च्' केलं आणि टकटक काहीतरी टाइप केलं.

"अहो, हे तुम्ही करताय?"

मिस्त्री दचकले. "मग? सेवा सारखी मरतेय. मी सकाळपासून उठवतोय."

"मी मारतोय तिला!"

"बोलायचं की मग!"

"तुम्ही बोललात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलणार कोण? नियम होता. सेवेतली सेटिंगही मिस्त्रींनीच जुन्या मशीनवरून जशीच्या तशी उचललेली: हाका फक्त पहिल्याला. ती त्यांनी पुसली. सेवेने हाका आठांत वाटल्या, आणि त्या तशाच राहिल्या.

धाकटा धावत ताईच्या खोलीत गेला. "झालं!" तो मोठ्याने म्हणाला. लागू दे नजर.

ताई फोनवर होती. गल्ली, मजला, दाराचा रंग, पलीकडच्या बाईचा शब्द न् शब्द हेडफोनबाहेरही लख्ख ऐकू येत होता. तरी तिने पत्ता पुन्हा विचारला. मग गाडी पाठवली आणि हेडफोन काढला.

"नीट ऐकू आलं होतं ना? मग पुन्हा का विचारलंस?"

"सकाळचीच बाई असेल असं वाटलं, म्हणून पुन्हा ऐकायचं होतं," ताई म्हणाली. "पण तिचा आवाज कसा होता, तेच मला आठवत नाहीये."