अठरा पानं

होळी गावातल्या आमच्या वाडीचं बावखल, म्हणजे आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवणारं तळं, पाच घरांच्या सामाईक मालकीचं होतं. पावसाआधी पाचही घरं मिळून त्यातला गाळ काढत. पुढे चार घरांनी ते बुजवून जागा बांधकामाला द्यायचं ठरवलं. पाचवं घर आमचं. सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या.

माझ्या चुलतसासऱ्यांनी जमिनीखालच्या पाण्यावर आयुष्यभर विचार केला होता. विहिरीच्या काठावर त्यांनी मला एकदा सांगितलं, "खाली खारं आहे, त्यावर गोडं तरंगतं. बावखल गेलं की गोडं आटेल आणि खारं वर येईल." दोन मिनिटांत कळलं. पण भावकीच्या बैठकीसाठी त्यांनी अठरा पानं लिहिली. पहिल्या पानावर सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या पानावर संपत होतं.

टाइप करायचं काम माझं. मी म्हटलं, "काका, एकच पान करू. पाच मुद्दे."

"सूनबाई, ही वाणसामानाची यादी नाही."

"यादी लोक वाचतात तरी."

"ज्याला समजून घ्यायचंय तो हेही वाचेल."

मोठ्यांच्या लिखाणाला कात्री कशी लावायची? जसंच्या तसं टाइप केलं आणि पाच प्रती वाटल्या.

बैठकीत ते स्वतः वाचू लागले. चौथ्या पानावर एक पुतण्या म्हणाला, "काका, शेवटी प्रश्न विचारणार का? मी पेन नाही आणलं." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "थोडक्यात सांगा ना."

"थोडक्यात सांगितलं की ते खोटं होतं," काका म्हणाले आणि पाचवं पान उघडलं.

विहिरीवरची ती दोन वाक्यं मला पाठ होती. मी कपबशा गोळा करत राहिले. सह्या झाल्या. आमच्या घराच्या वतीने माझ्या नवऱ्यानेही केली. त्याने तिसऱ्या पानापुढे वाचलंच नव्हतं.

बावखल बुजलं. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खारट लागलं. पानवेली गेल्या, मग केळी. पाठोपाठ शेजारची विहीर गेली. तेव्हा मी पेन्सिल घेऊन ती अठरा पानं आठवडाभर वाचली. अकराव्या पानाच्या मध्यावर, कंसात, कोणती विहीर कोणत्या क्रमाने खारी होईल ते लिहिलं होतं. आमची पहिली. शेजारची दुसरी.

"हे पहिल्या पानावर का नाही घातलंत?" मी विचारलं.

"आधीची दहा पानं वाचल्याशिवाय कोणाला पटलं असतं?"

तो कंस मीच टाइप केला होता.