चिलखतात मावेल असा माणूस

जुन्या जपानी शिरस्त्राणाला आतून कसला वास येतो, हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारे कोकणी लोक फार नसतील. मी सांगतो. पावसात भिजलेलं कुत्रं, वर्षभर बंद राहिलेली बॅग आणि नीट न वाळलेले बोंबील ही तिन्ही एका डब्यात घालायची, झाकण लावायचं आणि तो डबा आपल्याच डोक्यावर उपडा करायचा. आमच्या घरात मी तिखटमीठ लावून बोलण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण या एका बाबतीत मी हात राखूनच सांगतोय.

तेव्हा आम्ही जेद्दात होतो. मी, बायको आणि दहावीतली मुलगी. जपानी यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत मी सेल्सच्या काउंटरवर होतो. ते सौदीकरणाचे दिवस. आज मोबाईलची दुकानं, उद्या रिसेप्शन, परवा आणखी काही, असं एकेक काम स्थानिक लोकांसाठी राखीव होत चाललं होतं. फिरत फिरत आमच्या काउंटरचा नंबर लागला. माझ्या खुर्चीवर एक तरतरीत सौदी पदवीधर येऊन बसला आणि मी उभा राहिलो. त्यात त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या देशातली खुर्ची होती.

पण माझा इकामा संपत आला होता. राहण्याचा हा परवाना कफील, म्हणजे तिथला जामीनदार, वाढवतो, आणि माझा कफील म्हणजे कंपनीचा मालक. त्याने वाढवला नाही तर फायनल एक्झिट, बाडबिस्तरा उचलून रत्नागिरी. एरवी मी गेलोही असतो. पण मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि दहावीच्या मुलीला भर वर्षात कुठली शाळा दारात उभी करणार? वर्ष गेलं असतं. बायको म्हणाली, "काय वाट्टेल ते करा, पण मार्चपर्यंत इथून हलायचं नाही."

मालकाला मी तसंच सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. धंद्यासाठी जपानला जाता जाता त्याला तलवारींचा नाद लागला होता. घरच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटांत त्याने त्या मांडल्या होत्या. "बघू इकाम्याचं," तो म्हणाला. "तोवर माझ्या तलवारी सांभाळ."

सांभाळायच्या म्हणजे काय, तर जेद्दाची हवा दमट, पात्याला गंज चढतो. म्हणून जुनं तेल पुसायचं, पांढरी पूड लावायची, पुन्हा पुसायचं आणि लवंगेच्या वासाचं नवं तेल फासायचं. त्या वासाने मला दातांच्या डॉक्टरची खुर्ची आठवायची आणि दाढ दुखायला लागायची. शिवाय थुंकीचा एक थेंबही पात्यावर उडता कामा नये, म्हणून काम चालू असेपर्यंत ओठांत कागद धरायचा. तोंडात कागद कोंबलेला कोकणी माणूस तुम्ही पाहिलाय? बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "थोडा कागद घरी पण आणा."

एके दिवशी मालकाने एका तलवारीची मूठ काढली आणि आतला लपलेला भाग मला दाखवला. गंजून काळा पडलेला, त्यावर सोन्याने भरलेली अक्षरं. मला वाटलं, राजाचं नाव असेल. "नाही," तो खुशीत म्हणाला, "ही धारेची परीक्षा. देहदंड झालेल्यांची प्रेतं एकावर एक ठेवायची आणि घाव घालायचा. ही तलवार एका घावात दोन धडांतून गेली. तसं लिहिलंय." आणि त्या अक्षरांवरून त्याने बोट फिरवलं, पोराच्या गालावरून फिरवावं तसं. मी तोंडातला कागद घट्ट धरला. त्या दिवशी कागदाचा पहिल्यांदा उपयोग झाला.

मग चिलखत आलं. लोखंडाच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या, चामडं, वर शिरस्त्राण आणि तोंडाला लाल मुखवटा. मुखवट्याला घोड्याच्या केसांच्या मिशा. हे सगळं लाकडी सांगाड्यावर चढवलं की तंगड्या पसरून बसलेला एक जाडजूड माणूस दिसायचा. मालकाच्या वडिलांनी तो पाहिला आणि दारातच थांबले. म्हातारे फार सौम्य, पण म्हणाले, "आपण इथे नमाज पढतो. इथे पुतळा नको."

सांगाडा निघाला. चिलखत हँगरला लावून पाहिलं, तर वलांडीवर वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. जमिनीवर मांडलं, तर भंगारवाल्याचं दुकान. पुढच्या शुक्रवारी मोठे पाहुणे जेवायला येणार होते आणि मालक हातात शिरस्त्राण घेऊन येरझारा घालत होता. मध्येच थांबला. माझ्याकडे पाहिलं. वरून खाली, पुन्हा खालून वर.

"जिवंत माणूस म्हणजे पुतळा नव्हे," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. मला वाटलं, धार्मिक चर्चा चालू आहे.

"जुने जपानी लोक बुटके होते. माझ्या घरातल्या एकालाही हे होत नाही. तू घाल."

उंचीच्या बाबतीत आमच्या घराण्यावर कधीच कुणाची नजर गेली नव्हती. त्या दिवशी गेली. मी इकाम्याचं विचारलं, तर म्हणाला, "शुक्रवार पार पडू दे, यल्ला, लगेच करून टाकतो."

घरी सांगितल्यावर बायकोने हातातला कालथा खाली ठेवला. "मेलेल्या माणसाचे कपडे घालून उभे राहणार तुम्ही?"

"मेलेल्या माणसाचे नाहीत. सामुराईचे आहेत."

"मग तो जिवंत आहे वाटतं?"

मुलगी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "अब्बा, दिस इज सो क्रिंज." आणि पुन्हा समीकरणात शिरली. ती समीकरणं पुरी व्हायला हवी होती, म्हणून मी टीव्ही बंद केला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मला चिलखत चढवलं. उंची बरोबर बसली, पोट बसलं नाही. बाजूचे बंद गाठ मारण्याइतके जवळ येईनात, तेव्हा मालकाच्या ड्रायव्हरने पॅकिंगची सुतळी बांधली. शिरस्त्राणाच्या आतलं कापड कपाळाला लागलं तेव्हा ते ओलसर वाटलं. ओलं असणं शक्य नव्हतं, पण वाटलं. कुणाच्या तरी डोक्याचं तेल त्यात मुरून काळं झालं होतं. मुखवटा चढला आणि मिशीचा एक केस थेट माझ्या ओठांत. जिभेने ढकलायला गेलो, तर जीभ आतल्या रंगाला लागली. ती चव मी सांगणार नाही. मुखवट्याला हनुवटीखाली एक भोक असतं. ते कशासाठी हे मला अर्ध्या तासाने कळलं, जेव्हा माझाच घाम नाकावरून, ओठांवरून वाहत तिथे जमला आणि टपटप गळायला लागला. कुणा कुणाचा गळला असेल त्यातून, हा विचार त्यावेळी करायला नको होता. मी केला.

पाहुणे आले. एकाने माझ्या पोटावर टकटक केली. दुसऱ्याने फोनवर शूटिंग केलं. तिसरा कुठल्याशा खात्यातला अधिकारी होता, त्याने विचारलं, "इकाम्यावर याचा पेशा काय लावलाय?"

"सामुराई," मालक म्हणाला. "अजून राखीव झालेला नाही."

सगळे हसले. मीही हसलो, विनोद चांगलाच होता. त्या नादात दुसरा केस तोंडात गेला.

मग भाताच्या परातीवर अख्खं कोकरू आलं. मालकाने कपाट उघडलं आणि तीच तलवार काढली. सोन्याच्या अक्षरांची गोष्ट सांगितली, दोन धडांसकट, आणि सगळ्यांच्या "माशाल्लाह"मध्ये ते पातं कोकराच्या बरगड्यांतून खाली आणलं. चरबी पात्यावरून ओघळली. सकाळीच मी त्याला तेल फासलं होतं. लोकांनी हात घातले. मी मुखवट्याच्या फटीतून पाहत होतो.

अरबी यजमान मोठ्या मनाचा असतो. पाहुण्याला मटणाचा चांगला तुकडा आपल्या हाताने तोडून देणं हा तिथे मान आहे. मालकाला अचानक माझी आठवण आली. तो उठला, परातीतून खांद्याचा मऊ तुकडा तोडला, माझ्यापाशी आला आणि मुखवटा वर सरकवला. "आज तू माझा पाहुणा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच प्रेम होतं. तेच वाईट.

घास तोंडात आला. मटण, मीठ, वेलची आणि त्या सगळ्याच्या वर लवंगेचं तेल. दोन्ही धडं माझ्या जिभेवर आडवी पडली. थुंकावं तर कुठे? भर मजलिसमध्ये, यजमानाच्या पायाशी, इकामा व्हायचा असताना? मी गिळलं. डोळे मिटून, समीकरणं आठवत गिळलं. मालकाने माझ्या शिरस्त्राणावर थोपटलं.

इकामा झाला, शब्दाला तो पक्का होता. बायकोने कार्ड उलटसुलट पाहिलं. मुलीने तोवर शाळेत कुणाच्या तरी फोनवर तो व्हिडिओ पाहिला होता आणि मला चालीवरून, म्हणजे उभं राहण्यावरून, ओळखलं होतं. "आपने वो खाया?" तिने विचारलं.

"खाल्लं."

"थूक देते ना."

"मग तुझी परीक्षा?"

तिने पुस्तक पुढे ओढलं. त्यानंतर पाहुणे आले की मला चढवायचे, आणि मी चढायचो. ती खोलीचं दार लावून अभ्यास करायची. मी घरी आल्यावर आंघोळ होईपर्यंत जवळ यायची नाही, आणि मलाही ते बरंच वाटायचं.

मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला. फाटकातून बाहेर येऊन ती म्हणाली, "अच्छा गया." मी तिला घरी सोडलं आणि तसाच मालकाकडे गेलो. फायनल एक्झिट लावा, म्हणून सांगितलं.

त्याला धक्का बसला. खरंच वाईट वाटलं त्याला. "अरे, येत्या शुक्रवारी खमीस मुशैतहून पाहुणे येणार आहेत," तो म्हणाला. "आणि तुला त्रास काय होता? नुसतं उभं तर राहायचं होतं."

मी मान हलवली, बाहेरच्या बेसिनवर गेलो आणि नळाचं उन्हाने तापलेलं पाणी गार होईपर्यंत चुळा भरत राहिलो.