कीर्तनाच्या पुस्तकांमागे

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे, कोणी वाचलंच तर माफ करा. मी चौथी शिकले. वसईच्या एका वाचनालयात केर काढते, पुस्तकं पुसते.

जवळच्या गास गावचे एक काका तिथे रोज सायकलने यायचे. रहस्यकथा, प्रवासवर्णनं, कविता, सगळं वाचायचे. फार आवडलेलं पुस्तक दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून ते कीर्तनाच्या पुस्तकांमागे लपवायचे.

"कोनाला सांगू नको गं," मला म्हणायचे, "त्या कपाटाला तू सोडून कोन हात लावतो?"

मी ती पुस्तकं पुसून परत तिथेच ठेवायची.

यंदा काचबिंदूने त्यांची नजर गेली. सून त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी चाचपत सात पुस्तकं बाहेर काढली आणि जाडीवरून ओळखून माझ्या हातात दिली.

"ही शिकारीची, ही कवितांची. जागेवर लाव. आता लोकांना वाचू दे."

"घरी कोणी वाचून दाखवत नाही?" मी विचारलं.

"कोणाला वेळ आहे, ताई?" सून म्हणाली.

मी दाखवते, असं ओठांवर आलं होतं. पण मी अडखळत वाचते, म्हणून लाजले आणि पुस्तकं जागेवर लावायला गेले.

काकांनी सभासदत्व बंद केलं. त्यांना दिसत नाही म्हणून ग्रंथपालांनी नोटा मोठ्याने मोजल्या आणि त्यांची अनामत पूर्ण परत दिली.