हातमोज्यांचं पहिलं रिटर्न

चाळीस हजारांच्या बिलाचे बत्तीस हजारच आले, तेव्हा मला वाटलं, मला फसवलं.

आम्ही तेव्हा कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. नवरा इंजिनिअर, मुलगी शाळेत. मी दुपारी शिवणयंत्रावर बसे. ओळखीतून जवळच्या मंडीदीप औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीचं काम मिळालं: कामगारांचे कापडी हातमोजे. कापड त्यांचं, शिलाई आमची. मदतीला शेजारच्या अवधपुरी वस्तीतून दोघीजणी येत. तीन महिने राबून मी ते पहिलं मोठं बिल दिलं होतं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. कर कापला असेल. उगाच विचारायला गेलीस तर तुझी कमाई माझ्या पगारात जोडतील आणि दोघांना नोटीस येईल."

पण त्या दोघींची मजुरी मी पूर्ण दिली होती. कमी आलेले आठ हजार माझ्याच वाट्याचे होते.

खालच्या क्वार्टरमध्ये नागपूरचे एक काका राहायचे. कारखान्याच्या लेखा विभागात होते, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बिल आणि नवऱ्याचं पासबुक घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा ठेवला. काकांनी बिलावरून बोट फिरवलं.

"पॅन नंबर दिला होता का तुम्ही कंपनीले?"

"नाही. मागितलाच नाही त्यांनी."

"मागितला असन, तुमचं लक्ष नसन. पॅन नसला का पाचवा हिस्सा कापतेत. पॅन दिला असता तर शंभराला एक रुपया. पॅन आहे ना?"

होता. ठेव ठेवताना काढलेला, कपाटात साड्यांखाली पडून होता.

"मग घाबरून काय राहिल्या, वहिनी? पैसे कुठी गेले नाहीत. सरकारात जमा आहेत, पण तुमच्या नावावर नाहीत."

नवऱ्याच्या पगारात जोडण्याची गोष्ट मी भीत भीत विचारली. ते हसले. "तुम्ही हातानं शिवलं ना? मग ती कमाई तुमचीच. मिस्टरांनी तुमच्या नावानं ठेव टाकली असती, तर तिचं व्याज त्यांच्या कमाईत धरलं असतं. हे वेगळं."

मग कंपनीनं त्या तिमाहीच्या कर-विवरणात दुरुस्ती करून माझा पॅन जोडावा, असा एक अर्ज त्यांनी मला सांगितला आणि माझ्याच अक्षरात लिहायला लावला. "लेखी द्या. आन् दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं कोणी ध्यानात ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी मिसरोदला बस बदलून मी मंडीदीपला गेले. कंपनीचा अकाउंटंट तरुण होता आणि कंटाळलेला.

"मॅडम, वो तिमाही तो निकल गई. अब कुछ नहीं होगा."

"करेक्शन भर सकते हैं," मी म्हटलं. शब्द काकांनी घोटून घेतले होते. "मेरा पॅन जोडिए बस."

त्यानं अर्ज दोनदा वाचला, पोचेवर शिक्का मारला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. पुढच्या महिन्यात काहीच झालं नव्हतं. मी पुन्हा गेले, त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले, डबा काढून पोळी-भाजी खाल्ली. तीन वाजता त्यानं स्वतःच माझ्या पॅनची झेरॉक्स मागितली.

काही आठवड्यांनी काकांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर सव्वीस एएस नावाचा उतारा उघडला. आपल्या नावावर कुणी किती कर भरला, ते त्यात दिसतं. तिथे माझं नाव होतं आणि पुढे आठ हजार.

रिटर्न भरताना त्यांनी मला प्रत्येक रकाना वाचायला लावला. दोघींची मजुरी, दोरा, यंत्राची दुरुस्ती, बसभाडं. दोऱ्याच्या पावत्या मी फेकून दिल्या होत्या, त्यावर बोलणी खाल्ली. खर्च वजा जाता वर्षाची कमाई कर लागण्याइतकी नव्हतीच. आतापर्यंत कामाचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जायचे. काकांनी मला माझं वेगळं खातं काढायला लावलं. "धंद्याचे पैसे आन् घरचे पैसे एका डब्यात नका ठेवू."

परतावा पावसाळ्यानंतर आला. पासबुकात नोंद करून घेतली आणि बँकेच्या बाकावर बसून ती ओळ पुन्हा वाचली. लग्नापासून सरकारी कागदावर मी कुणाची तरी पत्नी होते. इथे फक्त माझं नाव होतं. वर थोडं व्याजही मिळालं होतं. परतावा म्हणजे उत्पन्न नाही, पण ते व्याज पुढच्या वर्षी दाखवायचं, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

रात्री जेवताना नवऱ्याला पासबुक दाखवलं. त्यानं बघितलं, आणखी एक पोळी घेतली. मग म्हणाला, "माझा फॉर्म सोळा एकदा बघशील का? पगारातून किती कर कापला, ते असतं त्यात. दर वर्षी ऑफिसातला माणूस देतो आणि मी न वाचताच रिटर्नवर सही करतो."

मी हात धुऊन आले आणि चष्मा शोधायला लागले.