चैतालीच्या गाडीची मोठी चाकं

खडकीच्या चैताली सोनवणेनं सॉफ्टवेअर कंपनीतल्या पगारातून गाडी घेतली होती. ती कामानिमित्त बंगळूरला असताना नवऱ्यानं, राकेशनं, तिला न विचारता गाडीला मोठी चाकं बसवली. परतल्यावर हायवेवर तिनं काटा ऐंशीपुढे जाऊ दिला नाही, तरी पोलिसांनी वेगासाठी अडवलं. त्यांच्या यंत्रावर अठ्ठ्याऐंशी होते.

घरी ती कडाडली, "मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण काटा जुन्याच चाकाच्या हिशोबानं वेग दाखवतो. माहीत होतं तुला?"

"हो, पण गाडी कसली भारी दिसते!"

"मी मेले असते तरी भारीच दिसली असती, नाही का?"

तिनं त्याच दिवशी जुनी चाकं बसवून घेतली. गाडीची किल्ली मात्र राकेशला पुन्हा कधी मिळाली नाही.