कोऱ्या प्रतीचा मान

चहा आधी खाली ठेवा, मग सांगते. कागद सांभाळायचं शास्त्र परदेशात दोन वर्षं शिकून आलेल्या मुलीने काय करून ठेवलं, ते ऐकताना कप हातात नसलेला बरा.

परत आले ती थेट रेवदंड्याच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत चिकटले. मुंबईत जागा होत्या, पण मला गावाचं भलं करायचं होतं ना! पहिल्याच दिवशी पाहिलं, चार कपाटं कागदांनी फुगलेली आणि प्रत्येक अर्ज दोनदा ठेवलेला. माझा जीव गुदमरला.

जुने कारकून भगतकाका भाचीच्या लग्नाला मुरूडला निघाले होते. जाताना म्हणाले, "ताई, मी येईपर्यंत कपाटांना हात लावू नका." मला वाटलं, माझ्यावर कामाचा भार नको म्हणून सांगतायत. किती हे प्रेम!

ते गेले आणि मी पदर खोचला. म्हणजे ओढणी बांधली. "एक कागद, एकच प्रत" अशी पाटी मोठ्या अक्षरांत छापून चारही कपाटांवर चिकटवली आणि निवड सुरू केली. प्रत्येक जोडीत एक प्रत कोरी, सरळ, इस्त्री केल्यासारखी. दुसरी चुरगळलेली, कोपऱ्यात जांभळा वाकडा शिक्का, त्यावर कुणीतरी मारलेला फराटा. यातली कुठली ठेवायची, हे सांगायला परदेशी शिक्षण कशाला हवं?

कोऱ्या ठेवल्या. डागाळलेल्या वाया जाऊ नयेत म्हणून दारावरून जाणाऱ्या मासळीवाल्या मावशींना वाटून टाकल्या. सुकट बांधायला त्यांना कागद लागतोच. सगळ्यांनी मला आशीर्वाद दिले. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

बुधवारी जमनामावशी आल्या. मासळी सुकवायच्या नव्या ओट्यावर त्यांना जागा हवी होती. सोसायटीने त्यांचा अर्ज अलिबागच्या कचेरीत वेळेत दिला होता. आता तो दिल्याची पोच शुक्रवारपर्यंत दाखवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. तीन पावसाळे त्यांची मासळी रस्त्याकडेला भिजत होती.

मी क्षणात अर्ज काढून दिला. स्वच्छ, सरळ. मावशींना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कागद उलटला, सुलटला, उजेडात धरला.

"शिक्का कुठं हाय गो?"

"शिक्क्याची प्रत खराब होती, मावशी. ही बघा ना, किती छान आहे."

त्यांनी कागद माझ्या हातात परत ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, शिक्क्याबिगर ही चिठ्ठी मी मलाच लिवलेली झाली."

तेव्हा कुठे मला कळलं. कचेरीत कागद पोचला याचा एकमेव पुरावा तो वाकडा शिक्का होता, आणि असे सगळे शिक्के मी सुकटीभोवती गुंडाळायला दिले होते!

मावशी ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि "चल" म्हणाल्या. दोन तास आम्ही बाजारात पुड्या सोडत फिरलो. एकीने विचारलं, ही कोण? मावशी म्हणाल्या, "सोसायटीची शिकलेली हाय, तपासणी करते." माझी लाज त्यांनी अशी झाकली. शिक्के सापडत होते, पण दुसऱ्यांचे. मावशींचा नाहीच. शेवटी मी पायरीवर बसून रडायला लागले.

मावशींनी टोपली उतरवली आणि खायला दोन खारे बोंबील काढून दिले. रडणाऱ्या माणसाला बोंबील! ते काढताना टोपलीच्या तळाला अंथरलेला कागद सरकला आणि खालून जांभळं काहीतरी डोकावलं.

मावशींची पोच मी मावशींनाच वाटली होती.

शुक्रवारी आम्ही दोघी रिक्षाने अलिबागला गेलो. साहेबांनी कागद दोन बोटांत धरला, नाकापासून लांब ठेवला, पण मान्य केला. मावशींना ओटा मिळाला. मी बाहेर येऊन त्या कागदाच्या सात झेरॉक्स काढल्या.

सोमवारी भगतकाका आले. सापडलेल्या पोचपावत्या मी दोरीवर वाळत घातल्या होत्या, ऑफिसभर बोंबलाचा वास. सगळं ऐकून त्यांनी चष्मा लावला, एकेका कपाटापुढे थांबून पाटी वाचली.

"ताई, मजकूर चारही ठिकाणी सारखाच आहे. यातली कुठली ठेवायची?"

मी म्हटलं, "राहू द्या काका, चारही. लागतील कधीतरी."